यांच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं

एका जंगलात नाटकाचं भारी वेड होतं. हसू नका. ज्या जंगलात खायला-प्यायला बरं असतं, तिथं असं काहीतरी निघतंच.

आता नीट बसा पोरांनो. मागच्यांनो, पुढच्यांच्या शेंड्या ओढू नका. गोष्ट छोटीच आहे, पण तिच्यात नाटक आहे, म्हणजे थोडा वेळ लागणार.

तर त्या जंगलात नाटकाच्या जागा दोन. एक मोठी, वडाखालच्या मैदानातली. तिथं मोर नाचायचे, माकडं कोलांट्या मारायची आणि बघायला अख्खं जंगल लोटायचं. दुसरी जागा म्हणजे केरूअण्णा अस्वलाची गुहा. चाळीस जण मावायचे, तेही शेपट्या आवरून बसले तर. गुहेत वेगळी नाटकं व्हायची. वेगळी म्हणजे काय? म्हणजे ज्यात कुणी नाचत नाही, कुणी कोलांटी मारत नाही आणि शेवटी काय झालं ते बाहेर आल्यावर एकमेकांना विचारावं लागतं.

केरूअण्णा सकाळी मध शोधायला बाहेर पडायचे. गुहेसमोरच्या सागाची सावली दारातल्या काळ्या खडकाला टेकली, की परत यायचे आणि आडवे व्हायचे. तेवढ्या वेळात ज्याला जे करायचं ते त्यानं करावं. भाडंबिडं काही नाही.

"छे छे, कलेकडून भाडं?" अण्णा म्हणायचे. "फक्त नाव घ्या म्हणजे झालं."

इथंच घोळ होता. त्या जंगलात गुहेतल्या नाटकासाठी कुणीच काही घेत नसे. फक्त नाव. पडदा वर गेला की आधी आभार. ज्यानं ज्यानं हातभार लावला त्याचं नाव घ्यायचं, आणि प्रत्येक नावानंतर म्हणायचं, 'यांच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं.' मग त्यानं उभं राहायचं. त्याला एक बेलफळ द्यायचं. त्यानं दोन शब्द बोलायचे. मग पुढचं नाव.

पूर्वी हे एवढं नव्हतं हो. पण एकदा काय झालं, साळिंदराचं नाव घ्यायचं राहिलं. पडदा टाचायला त्यानं स्वतःचा एक काटा उपटून दिला होता. एकच काटा, पण दिला होता. तो उठला, गुहेच्या तोंडाशी गेला आणि पाठ आत करून बसला. आतले चाळीस जण दोन दिवस आतच राहिले. तेव्हापासून जंगलानं कानाला खडा लावला. नाटक राहिलं तरी चालेल, नाव राहता कामा नये.

आता आपल्या रेवाबाईंकडे येऊ.

रेवाबाई म्हणजे टिटवी. नदीच्या वाळवंटात राहायच्या. घरटं वगैरे नाही, टिटव्यांत ती पद्धत नाही. गोट्यांमध्येच थोडी जागा करायची आणि चार अंडी घालायची. अंडी दिसतात अगदी गोट्यांसारखी. इतकी, की रेवाबाईंचे यजमान एकदा दोन दिवस खऱ्याच गोट्यावर बसले होते. त्याची आठवण काढलेली त्यांना आवडत नाही.

दर उन्हाळ्यात वरचं तळं आटलं, की पौर्णिमेच्या सकाळी गव्यांचा कळप नदीवर पाण्याला उतरायचा. जांभळीच्या बाजूनं दुसरी वाट होती, पण तिला थोडा वळसा होता. वळसा घेईल तो गवा कसला? कळप सरळ वाळवंटातून जायचा. दोन वर्षांत आठ अंडी गेली. गव्यांना कळलंसुद्धा नाही. पायाखाली काहीतरी मऊ लागलं म्हणून एकानंही खाली बघितलं नाही. रेवाबाईंना सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

त्या ओरडल्या नव्हत्या असं नाही. घसा फुटेस्तोवर ओरडल्या. पण टिटवी ओरडली की कोण ऐकतंय? "तिला सवयच आहे," म्हणायचे सगळे आणि कूस बदलायचे.

मग त्या गव्यांच्या म्होरक्याला भेटायला गेल्या. महिपतराव त्यांचं नाव. तीनदा गेल्या. तिन्ही वेळा महिपतरावांच्या पाठीवर बसलेल्या मंजुळाताई साळुंकीनं त्यांना वरच्या वर परतवलं.

"साहेब रवंथ करतायत. रवंथात कुणाला भेटत नाहीत."

"मग रवंथ झाल्यावर येते."

"झाल्यावर चरतात. मग पुन्हा रवंथ."

रेवाबाई घरी आल्या. यजमान अंड्यांवर बसलेले. यंदाचीही चारच होती.

"अहो," रेवाबाई म्हणाल्या, "मी नाटक करते."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सांगून कळत नाही ना? मग करून दाखवते. बेडकांनी नाही का केलं?"

ते मात्र खरं होतं. महिपतरावांना कलेची आवड होती. गुहेतलं एक नाटक ते चुकवत नसत. मागे बेडकांनी आपल्या डबक्यावर नाटक केलं, तेव्हा महिपतराव इतके हेलावले की त्या डबक्यात लोळणं त्यांनी कायमचं सोडलं. आजही तिथं बेडकांची पोरं सुखानं नांदतायत. फक्त ते नाटक साळिंदराच्या आधीचं होतं. हे रेवाबाईंच्या लक्षात आलं नाही.

नाटकाचं नाव 'चार खडे'. पात्रं दोन. एक टिटवी, ती रेवाबाई स्वतः करणार. दुसरा गवा. त्यासाठी मिळाला चिंतू ससा. ससाच का? कारण तोच रिकामा होता. गोष्ट साधी. गवा पाण्याला निघतो. टिटवी पंख मोडल्याचं सोंग घेऊन त्याला आडवी जाते, त्याला बाजूला न्यायला बघते. तो थांबतो. मग ती त्याच्या डोळ्यांत बघून एवढंच म्हणते, "मालक, पाय उचला." तो पाय उचलतो, खाली बघतो, आणि त्याला कळतं. संपलं. सावली चार बोटं सरकेपर्यंत नाटक आटोपायचं.

ते शेवटचं वाक्य सुचायला रेवाबाईंना अकरा दिवस लागले. आधी 'थांबा' होतं. मग 'दया करा' होतं. मग त्यांना वाटलं, दया वगैरे कशाला मागायची? पाय उचलायला सांगावं, एवढं तर कुणीही करेल.

चिंतूनं गवा फार मनावर घेतला. अंगात जडपणा यावा म्हणून तो आठ दिवस पाठीवर दगड बांधून फिरला.

"बाई, गवा पाण्याला निघतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं?"

"तहान."

"आणि त्याच्या आत, खोलवर?"

"आणखी तहान. चाल तू मुकाट्यानं."

पण चालायचा छान हो. डोक्याला वाळक्या फांद्यांची शिंगं बांधून तो तालमीत पाऊल टाकायचा, तेव्हा रेवाबाई खरोखरच दोन पावलं मागं सरायच्या.

पौर्णिमा पाच दिवसांवर आली. प्रयोग ठरला तिच्या दोन दिवस आधी, सकाळचा. महिपतराव येणार म्हणून निरोपही आला. रेवाबाई आनंदानं तीन गिरक्या घेऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंजुळाताई आल्या. गुहेत निवेदन त्याच करायच्या. आवाज गोड, पाठांतर दांडगं, आणि घंटेचा आवाजही तोंडानंच काढायच्या, त्यामुळे घंटा आणायचा त्रास नाही.

"यादी द्या," त्या म्हणाल्या.

रेवाबाईंनी यादी दिली. केरूअण्णा, गुहेसाठी. सुगरणमावशी, गवताची नदी विणून दिली म्हणून. काजवा, उजेडासाठी. आणि चिंतू.

"चारच?" मंजुळाताईंनी मान तिरकी केली. "सुगरणीनं गवत कुठून आणलं?"

"माळावरून."

"तिथं चरतं कोण?"

"हरणं."

"त्यांनी ते गवत खाल्लं नाही, शिल्लक ठेवलं. घ्या हरणं. तालीम कुठं केलीत?"

"करवंदीच्या जाळीमागं."

"जाळीत मुंगूस राहतो. त्यानं हाकललं नाही ना? घ्या मुंगूस. गुहा झाडली कुणी?"

"मुंग्यांनी."

"किती होत्या?"

"मोजल्या नाहीत बाई मी."

"मोजा."

मोजल्या. दोनशे चौदा निघाल्या.

"सगळ्यांना मिळून 'मुंग्या' म्हटलं तर?" रेवाबाईंनी भीत भीत विचारलं.

"साळिंदर आठवतोय ना?" मंजुळाताई म्हणाल्या.

रेवाबाईंच्या डोळ्यांसमोर सागाची सावली सरकायला लागली. त्या म्हणाल्या, "ताई, असं करू या का? आधी नाटक करू. आभार नंतर मानू. मग कितीही वेळ मानू."

मंजुळाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. लहान मुलानं भर पंगतीत काहीतरी वावगं बोलावं आणि आईनं बघावं, तसं.

"नंतर थांबतं कोण, बाई?"

तेही खरंच होतं. कारण प्रेक्षक म्हणून जे चाळीस जण येणार होते, ते सगळे यादीतलेच होते. यादीबाहेरचं कुणी गुहेत यायचंच नाही. यायचं तरी कशाला?

संध्याकाळी यजमानांनी हळूच विचारलं, "यादीत मी आहे का गं?"

"आहात. अंडी सांभाळल्याबद्दल."

"मग मलाही दोन शब्द बोलावे लागतील."

"तुम्ही इथंच बसायचंय. तुम्ही उठलात तर नाटक कशासाठी?"

यजमानांना जरा वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "आणि ह्या चौघांची नावं?"

"त्यांना कुठं नावं आहेत अजून? बाहेर येऊ देत, मग बारसं करू थाटात."

एवढं बोलून रेवाबाई आपलं शेवटचं वाक्य घोकायला बसल्या.

प्रयोगाची सकाळ उजाडली. महिपतराव आले. ते पुढं बसले तेव्हा चाळिसांची जागा बावीस जणांची झाली. बाकीचे अंग चोरून, एकमेकांच्या मांडीवर बसले. मुंग्या भिंतीवर रांगेनं. मंजुळाताईंनी तोंडानं पहिली घंटा दिली, दुसरी दिली, तिसरी दिली. काजव्यानं उजेड पाडला. पडदा वर गेला. गवताची नदी इतकी सुरेख दिसत होती की सुगरणमावशींनी स्वतःच 'वा' म्हटलं.

एका अंगाला रेवाबाई. दुसऱ्या अंगाला शिंगं लावलेला चिंतू, पाय उचलून तयार. रेवाबाईंना तिथून फटीतून बाहेरचा खडक दिसत होता. सावली अजून लांब होती. पुष्कळ वेळ आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं.

"सर्वप्रथम," मंजुळाताई म्हणाल्या.

केरूअण्णांचं नाव झालं. ते नव्हतेच, म्हणून पटकन झालं. सुगरणमावशी दोन शब्द बोलल्या. त्यात त्यांच्या पहिल्या विणकामापासून पुढचं सगळं आलं. हरणांतर्फे म्हातारा काळवीट उठला आणि आमच्या वेळी गवत कसं होतं ते सांगून रडला. मुंगसानं सुरुवात बालपणापासून केली. दर खेपेला बेलफळ, दर खेपेला टाळ्या, दर खेपेला 'यांच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं.'

सावली हातभर सरकली.

मग मुंग्या. मुंग्यांत रीत अशी, की आधी थोरलीनं बोलायचं. थोरली कोण यावर भिंतीवर थोडी बाचाबाची झाली. मग एकेकीचं नाव सुरू झालं. मुंगीला बेलफळ दिलं की ते तिला उचलत नसे. मग बाकीच्या येऊन मदत करत, मग त्या मदत करणाऱ्यांचेही आभार मानावे लागत.

"ताई, आवरा हो," रेवाबाई आतून कुजबुजल्या.

"फक्त शंभर राहिल्यात!" मंजुळाताईंनी धीर दिला.

एकशे तिसाव्या मुंगीपाशी काजवा दमला. पहाटेपासून पेटलेला होता बिचारा. उजेड मिणमिणता झाला.

"काय प्रकाशयोजना आहे!" प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं. "अंगावर काटा आला."

चिंतू एक पाय वर धरून तसाच उभा होता. पाय थरथरत होता, पण टेकला नाही. रेवाबाईंना त्याच्याकडे बघून भडभडून आलं.

मुंग्या संपल्या. सावली आणि खडक यांच्यात आठ बोटं राहिली. नाटक चार बोटांचं. जमतंय, रेवाबाईंनी मनाशी म्हटलं, अजून जमतंय! त्यांनी पंख पसरला आणि पाऊल पुढं टाकलं.

"आणि आता," मंजुळाताई म्हणाल्या, "ज्यांच्या नुसत्या उपस्थितीनं ही गुहा भरून गेली, ते आपले महिपतराव."

रेवाबाईंनी पंख मिटला.

महिपतराव उठले. डोकं छताला लागलं. "दोन शब्द बोलतो," म्हणाले आणि बोलू लागले. छोटी नाटकं जगली पाहिजेत, म्हणाले. छोट्यांचा आवाज मोठ्यांपर्यंत पोचला पाहिजे, म्हणाले. आपण मोठे लोक खाली बघायला विसरतो, असंही म्हणाले. हे ऐकून रेवाबाईंना इतकी आशा वाटली, की त्यांनी मिटलेला पंख पुन्हा पसरला. अहो, मग बघा ना खाली! आम्ही तेच तर दाखवणार आहोत!

बोलणं संपवून महिपतरावांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. गव्यांना हात नसतात, पोरांनो. ते पुढचे पाय उचलून जमिनीवर आपटतात. गुहा हादरली. छताची माती पडली, एक दगडही पडला. सगळ्यांना फार बरं वाटलं.

तेवढ्यात सावली खडकाला टेकली, आणि दारात केरूअण्णा उभे राहिले. मधानं बरबटलेले, डोळ्यांवर झापड आलेली.

"झालं का माझं नाव?"

"पहिलंच घेतलं, अण्णा."

"मी कुठं होतो तेव्हा? पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. अण्णांनी बेलफळ तिथंच फोडून खाल्लं आणि म्हणाले, "छान झालं हो नाटक. आता आवरा, मला झोप येतेय."

"अण्णा!" रेवाबाई कडेहून धावतच पुढं आल्या. "अहो, नाटक अजून सुरूच नाही झालं. माझ्या पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे. निदान शेवटचं वाक्य तरी म्हणू द्या. एकच वाक्य आहे. पाया पडते तुमच्या."

अस्वल काही दुष्ट नव्हतं. "एकच ना?" केरूअण्णा जांभई देत म्हणाले. "म्हणा. एकच वाक्य. दुसरं निघालं की मी झोपलोच."

महिपतरावांनी कान टवकारले. रेवाबाई सरळ त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चोच उघडली.

"अगंबाई!" मंजुळाताई किंचाळल्या. "लेखिका-दिग्दर्शिका रेवाबाई टिटवी, यांच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं!"

एक वाक्य झालं.

सगळी गुहा उठून उभी राहिली. टाळ्यांचा नुसता कडकडाट. केवढी मोठी चूक होता होता राहिली! साळिंदरानं तर डोळे पुसले. टाळ्या थांबेपर्यंत केरूअण्णा घोरायलाही लागले होते.

बाहेर रेवाबाईंना सगळ्यांनी गराडा घातला.

"वेगळा प्रयत्न होता."

"थोडा लांबला. पण मुद्दामच लांबवला होता ना?"

"तो ससा! एक शब्द न बोलता, एका पायावर! काय सांगायचं होतं ते सगळं पोचलं बघा."

रेवाबाई वाट काढत महिपतरावांच्या पुढ्यात गेल्या. मंजुळाताई त्यांच्या पाठीवर जाऊन बसल्याच होत्या.

"साहेब, नदीवर माझी अंडी आहेत."

"नाही नाही, बाई, तसदी घेऊ नका. आम्ही शाकाहारी."

"अहो तसं नाही! तुम्ही वाळवंटातून येऊ नका, एवढंच म्हणते मी!"

"विनय!" महिपतराव मंजुळाताईंना म्हणाले. "बघा, मोठा कलावंत असा असतो. घरी येऊ नका म्हणतायत. आता तर येणारच. बाई, उद्या सकाळी तुमच्या घरी येऊन सत्कार करतो. एकटा नाही, सगळा कळप घेऊन येतो."

"पण ऐका तरी..."

"पौर्णिमेपर्यंत कशाला थांबायचं?" महिपतराव म्हणाले आणि निघाले. रेवाबाई मागून ओरडत राहिल्या. पण टिटवीच ती. तिला सवयच आहे.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत धूळ दिसली. पुढं महिपतराव, गळ्यात रानफुलांचा हा मोठा हार, रेवाबाईंना घालायला आणलेला. त्याचे त्यांच्या अख्ख्या अंगाला दोन वेढे पडले असते. मागं चाळीस गवे. पाठीवर मंजुळाताई, नवी यादी पाठ करत.

"अगं, आले," यजमान म्हणाले.

"तुम्ही बाजूला व्हा. मी बघते."

आणि रेवाबाईंनी नाटक सुरू केलं. घंटा नाही, पडदा नाही, निवेदन नाही. पंख मोडल्यासारखा वाळूत फरफटवत त्या कळपासमोर आडव्या गेल्या. पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या. बाजूला, जांभळीकडे सरकत, मागं वळून बघत, या ना, इकडे या ना, असं अंगाअंगानं सांगत. तालमीत असं एकदाही झालं नव्हतं.

महिपतराव थांबले. कळप थांबला.

"नाटक सुरू झालंय," मंजुळाताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "कुणी जागचं हलू नका."

आणि कुणी हललं नाही. तेवढं वळण होतं त्या जंगलात. चालू नाटकात उठायचं नाही. जो जिथं होता तिथंच खिळून राहिला. रेवाबाई जांभळीकडे ओढत होत्या, आणि कळप आदरानं, श्वास रोखून, बरोबर तिथंच उभा होता. चार अंडी महिपतरावांच्या पुढच्या दोन पायांच्या मधोमध. एकाही अंड्याला धक्का लागला नव्हता.

"जमतंय गं," यजमान गोट्याआडून पुटपुटले. "जमतंय."

महिपतरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी हो. रेवाबाईंनी ते बघितलं. त्या फरफटत परत आल्या, त्यांच्या खुरांपाशी थांबल्या, आणि वर मान करून त्यांनी अकरा दिवसांत सुचलेलं ते वाक्य म्हटलं.

"मालक, पाय उचला."

महिपतरावांना कळलं. नाटक संपलं, हे कळलं. त्यांनी पाय उचलले. सगळ्या कळपानं उचलले.

आणि टाळ्या वाजवल्या. खूप वेळ वाजवल्या.

सत्कार झाला. हार घातला, त्याखाली रेवाबाई दिसेनाशा झाल्या. हाराच्या आतून त्या ओरडत होत्या, रडत होत्या. दोन शब्द बोलतायत, असं सगळ्यांना वाटलं. महिपतराव परत जाताना म्हणाले, "असं नाटक दर वर्षी व्हायला हवं." दर वर्षी होतंच, हे त्यांना कोण सांगणार?

यजमान कितीतरी दिवस तिथल्या एका गोट्यावर बसून होते. तो गोटा आहे हे त्यांना या वेळी माहीत होतं. रेवाबाई त्यांच्या शेजारी बसायच्या.

तात्पर्य : मुलांनो, आभाराच्या यादीत कुणाचंही नाव विसरू नये. रेवाबाई चार नावं विसरल्या.